फरक पडला, पण कशामुळे? संशोधनाचा आराखडा वैधतेच्या कसोटीवर कसा तपासायचा

"सदर उपक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या वाचनक्षमतेत लक्षणीय वाढ झाल्याचे आढळून आले." साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या अध्यापक महाविद्यालयांत कृतिसंशोधनाचे अहवाल चाळायला घेतले, की शेवटच्या प्रकरणात हे वाक्य भेटतंच. 'उपक्रम'च्या जागी 'ठिबक सिंचन' किंवा 'समुपदेशन' टाका, दुसऱ्या शाखेचा प्रबंध तयार. गुण वाढले हे तक्त्यात दिसतं. पण ते उपक्रमामुळे वाढले, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. ते आराखड्यातून सिद्ध करावं लागतं, आणि आराखडा माहिती गोळा करण्याच्या आधी ठरतो. नंतर कितीही भारी सॉफ्टवेअर वापरलं तरी ती कसर भरून निघत नाही.

वैधता म्हणजे काढलेला निष्कर्ष कितपत खरा धरता येतो. आपल्याकडे मात्र वैधता म्हटलं की प्रश्नावली तीन तज्ज्ञांना दाखवायची, त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि 'आशय वैधता तपासली' असा परिच्छेद लिहून मोकळं व्हायचं, अशी पद्धत पडली आहे. काही जण पुढे क्रॉनबॅक अल्फा ०.८ आला म्हणून साधन वैध ठरवतात. अल्फा प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. ती विश्वसनीयतेची, म्हणजे मोजमापातल्या सातत्याची, बाब झाली. वैधता मुळात साधनाला नसतेच, ती त्या साधनावरून काढलेल्या निष्कर्षाला असते. तीच वाचन चाचणी एका गावात एका निष्कर्षासाठी चालते आणि शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या निष्कर्षासाठी चालत नाही.

हा विषय आज ज्या रूपात शिकवला जातो, त्याचं बरंचसं श्रेय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांना जातं. ज्युलियन स्टॅन्ली यांच्यासोबत १९६३ साली त्यांनी अंतर्गत वैधतेला असलेले आठ धोके मांडले. १९७९ साली थॉमस कुक यांच्याबरोबर वैधतेचे चार प्रकार केले: सांख्यिकीय निष्कर्षाची, अंतर्गत, संकल्पनात्मक आणि बाह्य. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एवढं पाठ असलं की भागतं, पण आराखडा करताना भागत नाही. म्हणून इथे एकच उदाहरण धरून पायरीपायरीने जाऊ.

समजा सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिसरीच्या वर्गात ३० मुलं. बाईंनी रोज अर्धा तास गोष्टीची पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मुलांकडून वाचून घ्यायचा उपक्रम घेतला. जुलैत पूर्व चाचणी, डिसेंबरात उत्तर चाचणी, दोन्ही २५ गुणांच्या. सरासरी वाढली. वर्ग आणि आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, अडचणी मात्र अगदी खऱ्या आहेत.

पायरी पहिली: दावा एका वाक्यात लिहा

वहीत एकच वाक्य लिहायचं. "गोष्टींच्या तासामुळे जत तालुक्यातल्या तिसरीच्या मुलांचं मराठी वाचन, हा तास नसता तर जेवढं सुधारलं असतं त्यापेक्षा जास्त सुधारलं."

वाक्य थोडं अवघडल्यासारखं झालंय, पण राहू द्या. त्यातला 'नसता तर' हा तुकडा बहुतेक प्रबंधांत गायब असतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आता वाक्याचे तुकडे पाडा. 'मुळे' म्हणताय, दुसरं कारण नव्हतं कशावरून? ही अंतर्गत वैधता. 'वाचन' म्हणताय, तुम्ही मोजलंत ते वाचनच होतं का? ही संकल्पनात्मक. 'जास्त' म्हणताय, तो फरक योगायोगाचा नाही ना? ही सांख्यिकीय. आणि 'जत तालुक्यातली मुलं' म्हणताय, तुम्ही तर एकाच शाळेतली पाहिलीत. ही बाह्य. चारही प्रश्नांची उत्तरं सिनॉप्सिस (संशोधनाचा प्रस्ताव) देण्याआधी तुमच्याकडे हवीत.

पायरी दुसरी: जे मोजायचं तेच मोजताय का

मोजमापाची गोष्ट निघाली की साताऱ्याच्या माणसाने संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नाव घ्यायलाच हवं. जन्म १९११, गाव बुध, जिल्हा सातारा. पिकाचं उत्पादन मोजायचं तर शेतात एक छोटा तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढायचं, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत. तुकडा किती मोठा घ्यायचा यावर १९४०च्या दशकात सुखात्मे आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात जोरदार वाद झाला. तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन वाढून दिसतं, हे सुखात्म्यांनी दाखवलं.

कारण अगदी बांधावर उभं राहून कळेल असं आहे. आखलेल्या रेषेवरचं ताट (पिकाचं उभं रोप) आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. मुद्दाम लबाडी नाही, हाताला लागलं ते कापलं. आता हिशेब करा. १ मीटर बाय १ मीटरच्या तुकड्याला १ चौरस मीटर क्षेत्रामागे ४ मीटर कड येते. १० बाय ५ मीटरच्या तुकड्याला ५० चौरस मीटरमागे ३० मीटर, म्हणजे चौरस मीटरला ०.६ मीटर. लहान तुकड्यात कडेवरच्या ताटांचा वाटा कितीतरी पटीने जास्त, म्हणून चूकही जास्त. शिवाय ती नेहमी एकाच बाजूला जाते. असे हजार लहान तुकडे कापले तरी सरासरी फुगलेलीच राहणार. नमुना वाढवला की चूक आपोआप मिटते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उदाहरण दोनदा वाचावं.

वर्गात हीच चूक वेगळ्या रूपात येते. मूल अडखळलं, बाईंनी ओठ हलवून मदत केली, गुण दिला. सगळ्याच मुलांना थोडे थोडे गुण जास्त. उत्तर चाचणीच्या वेळी उपक्रम आपलाच, मेहनत आपलीच, तेव्हा हात आणखी सैल सुटतो. उपाय अवघड नाही. प्रत्येक मुलाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा, फायलींना नावाऐवजी क्रमांक द्या, आणि गुण दुसऱ्या शाळेतल्या अशा शिक्षकाकडून द्यायला लावा ज्याला कुठली फाइल जुलैची आणि कुठली डिसेंबरची हे माहीत नाही. त्यातल्या काही फायली दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासायच्या आणि गुण किती जुळतात ते अहवालात द्यायचं.

याच्याही आधीचा प्रश्न, तुमच्या लेखी वाचन म्हणजे काय? मिनिटाला किती शब्द, की वाचलेलं कळणं? जतच्या पूर्वेकडे, उमदी-संखच्या बाजूला, कितीतरी घरांत कानडी बोलतात. तिथल्या मुलाला 'आटपाट नगर होतं' हे वाक्य धडाधड वाचता येईल आणि आटपाट म्हणजे काय ते कळणार नाही. किंवा गोष्ट कळेल पण उत्तर मराठीत सांगता येणार नाही. अशा वर्गात तुमची चाचणी वाचनक्षमता मोजते की घरात मराठी बोलली जाते का, हे मोजते? निदान घरची भाषा हा एक रकाना नोंदवा आणि त्यानुसार गुण वेगळे करून बघा.

संकल्पना आणि मोजमाप यांच्यातली दरी किती मोठं प्रकरण होऊ शकते, याचंही उदाहरण सुखात्म्यांपाशीच सापडतं. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात दरडोई रोज २२५० कॅलरी हा आधार धरला होता. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की एकाच धडधाकट माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. तेव्हा सरासरी गरजेच्या खाली जो जो खातो तो तो कुपोषित, असं धरलं तर आकडा फुगतो. दांडेकरांनी त्याला कडक उत्तरं दिली, वाद वर्षानुवर्षं चालला. कोण बरोबर यात इथे शिरायला नको. कॅलरीचे आकडे दोघांनाही मान्य होते, भांडण त्या आकड्याला काय म्हणायचं यावर होतं. हाच संकल्पनात्मक वैधतेचा प्रश्न, आणि त्यावर देशातल्या गरिबांची संख्या ठरत होती.

पायरी तिसरी: दुसरं काय कारण असू शकतं, याची यादी करा

ही पायरी सर्वांत लांब, आणि इथे घाई करू नये. कोरा कागद घ्या, वर लिहा 'उपक्रम अजिबात चालला नाही असं धरलं तरी गुण का वाढले असतील?' आणि सुचेल ते लिहीत जा. शक्यतो आपल्यावर टीका करणारा एखादा सहकारी शेजारी बसवा. मार्गदर्शक सर बहुधा फार चांगलं बोलतात.

पहिलं कारण पुस्तकात 'इतिहास' या नावाने येतं. मधल्या काळात बाहेर काहीतरी घडलं. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं आणि त्याचा भर नेमका तिसरीपर्यंतच्या वाचन-लेखन-अंकज्ञानावर आहे. तुमच्या गोष्टींच्या तासासोबत शाळेत हेही चालू असेल, तर श्रेय कुणाचं? उलटही होतं. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुराने मिरज, पलूस, वाळव्याकडच्या शाळा बंद पडल्या. त्या वर्षीच्या एखाद्या चांगल्या उपक्रमाचाही निकाल वाईटच दिसला असता. म्हणून उपक्रमाच्या पहिल्या दिवसापासून एक साधी रोजनिशी ठेवा: सुट्ट्या, प्रशिक्षणं, नवे शिक्षक, आलेली पुस्तकं, यात्रा, साथीचे आजार. कंटाळवाणं काम आहे, पण हे डिसेंबरात आठवून लिहिता येत नाही.

दुसरं, परिपक्वता. आठ वर्षांचं मूल पाच महिन्यांत काही न करताही थोडं सुधारतंच. तिसरं, चाचणीचाच परिणाम. जुलैत जो उतारा दिला तोच डिसेंबरात दिला, तर मुलांना तो ओळखीचा असतो. घरी जाऊन थोरल्या बहिणीला विचारलेलंही असतं. रिचर्ड सॉलोमन यांनी १९४९ साली यावर चार गटांचा आराखडा सुचवला, त्यात निम्म्या गटांना पूर्व चाचणी देतच नाहीत. शास्त्र म्हणून सुंदर, पण एकट्या संशोधकाला चार गट झेपत नाहीत. त्यापेक्षा सारख्या काठिण्याचे दोन उतारे करा आणि निम्म्या मुलांना आधी पहिला, निम्म्यांना आधी दुसरा द्या.

चौथ्या कारणावर मात्र थांबायला हवं, कारण ते आपल्याकडे सर्रास घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. समजा बाईंनी सगळ्या ३० मुलांऐवजी केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सर्वांत कच्च्या मुलांनाच निवडलं. हेतू चांगलाच. सगळ्या मुलांची सरासरी १२, निवडलेल्या कच्च्या मुलांची ५. आता चाचणीत नशिबाचाही भाग असतो. कुणी त्या दिवशी तापाने फणफणलेलं होतं, कुणाला नेमका नको तो उतारा आला. कच्च्यांत गेलेल्यांपैकी काही जण त्या दिवसापुरतेच कच्चे होते. पुन्हा चाचणी घेतली की ते आपोआप वर येतात. किती वर येतील, हे मोजता येतं. दोन चाचण्यांतला सहसंबंध (दोन्हींतले गुण किती जुळतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणं) ०.६ असेल आणि गुणांचा विस्तार दोन्हीकडे सारखा असेल, तर दुसऱ्यांदा अपेक्षित सरासरी १२ वजा (०.६ गुणिले ७), म्हणजे ७.८. काहीही न शिकवता २.८ गुणांची वाढ! याला सरासरीकडे प्रतिगमन म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी आईवडील आणि मुलांच्या उंचीत ते १८८६ साली मांडलं होतं.

शाळेपुरतंच हे नाही. रक्तदाब शिबिरात ज्यांचं रीडिंग सर्वांत जास्त त्यांनाच योगवर्गाला बोलावलं, तर पुढच्या महिन्यात त्यांचा रक्तदाब योगाशिवायही थोडा उतरलेला दिसेल. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात १९५५ साली रस्ते अपघातांत ३२४ माणसं गेली, मग वेगाविरुद्ध कडक कारवाई झाली, १९५६ साली आकडा २८४ वर आला आणि कारवाईचा गाजावाजा झाला. कॅम्पबेल आणि लॉरेन्स रॉस यांनी १९६८ साली मागच्या-पुढच्या वर्षांचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा १९५५ हे वर्षच असाधारण वाईट निघालं. तिथून आकडा तसाही खाली येण्याचीच शक्यता होती. खंबाटकी घाटात एखाद्या वाईट वर्षानंतर फलक लावले आणि पुढच्या वर्षी अपघात घटले, अशी बातमी वाचलीत तर आधी मागच्या दहा वर्षांचे आकडे मागा.

पाचवं, गळती. जतमध्ये हे कारण बाकी सगळ्यांना पुरून उरतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुलांसकट निघतात. आता आपल्या ३० मुलांकडे बघा. समजा ८ मुलं गेली, त्यांची जुलैतली सरासरी ६ होती. राहिलेल्या २२ मुलांची १४. जुलैत वर्गाची सरासरी होती (८ गुणिले ६, अधिक २२ गुणिले १४) भागिले ३०, म्हणजे ३५६ भागिले ३०, साधारण ११.९. डिसेंबरात एकही मूल एक अक्षरही जास्त शिकलं नाही असं धरा. तरी उरलेल्या २२ जणांची सरासरी १४. म्हणजे तक्त्यात २.१ गुणांची वाढ, आणि शिकलं कुणीच नाही.

यावर किमान उपाय म्हणजे जी मुलं दोन्ही चाचण्यांना हजर होती त्यांचेच जुलै आणि डिसेंबरचे गुण एकमेकांशी ताडायचे. पण तेवढ्याने भागत नाही, कारण मग निष्कर्ष 'गावात राहिलेल्या मुलांपुरता' होतो आणि तसं लिहावं लागतं. गेलेल्या मुलांचे जुलैचे गुण वेगळे द्या. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, त्यांना शोधून चाचणी घेता आली तर घ्याच. सर्वांत सोपा उपाय वेळापत्रकाचा: उपक्रम जूनअखेर सुरू करून उत्तर चाचणी गाळप सुरू व्हायच्या आत घ्या. विद्यापीठाच्या सबमिशनच्या तारखेवरून आराखडा ठरवला की असली कॅलेंडरं विसरली जातात.

पायरी चौथी: तुलनेचा गट, आणि तो कसा निवडला

वरची बहुतेक कारणं एका गोष्टीने निकालात निघतात. उपक्रम न मिळालेला, पण बाकी सगळं सारखं असलेला दुसरा गट. वय दोन्हीकडे वाढलं, निपुण दोन्हीकडे आलं, प्रतिगमन दोन्हीकडे झालं. मग दोघांमधला जादा फरक उपक्रमाकडे जातो.

'बाकी सगळं सारखं' हे मात्र नुसतं म्हणून होत नाही. अ तुकडी प्रायोगिक (उपक्रम मिळणारी) आणि ब तुकडी नियंत्रित (तुलनेची) असं घेतलं, तर मोठ्या शाळांत अ तुकडीत बहुधा गुणांवरून भरती असते. हळद किंवा द्राक्षावरच्या अभ्यासात तेच. नवं औषध किंवा नवी पद्धत वापरायला जे शेतकरी स्वतःहून पुढे येतात, त्यांची विहीर भरलेली असते, माती तपासलेली असते, कर्ज कमी असतं. कृषी मेळाव्यात त्यांना प्रगतशील शेतकरी म्हणून शाल मिळते आणि प्रबंधात त्यांचं उत्पादन पद्धतीच्या नावावर जमा होतं. याला निवडीचा पक्षपात म्हणतात.

उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेतीकेंद्रावर काम करताना हे तत्त्व रुजवलं: कुठल्या वाफ्याला कुठलं खत हे माणसाने नव्हे, यादृच्छिक क्रमाने ठरवायचं. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र असो की कसबे डिग्रजचं हळद संशोधन केंद्र, शेतीच्या प्रयोगांत ही शिस्त मुरलेली असते. सामाजिक शास्त्रांच्या प्रबंधांत मात्र 'यादृच्छिक पद्धतीने निवड केली' असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात सोयीची शाळा घेतलेली असते. आणखी एक गोंधळ हमखास दिसतो. नमुना यादृच्छिक निवडणं वेगळं आणि निवडलेल्यांना गटांत यादृच्छिक वाटणं वेगळं. पहिल्याने बाह्य वैधता सुधारते, दुसऱ्याने अंतर्गत.

आपल्या उदाहरणात एकाच वर्गातल्या मुलांना चिठ्ठीने वाटता येणार नाही. गोष्ट एका कोपऱ्यात वाचली तर दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू जाणारच. म्हणून शाळा वाटाव्या लागतात. एक शाळा इकडे, एक तिकडे, असं करून काही उपयोग नाही, कारण मग उपक्रमाचा परिणाम आणि त्या शाळेच्या बाईंचा परिणाम वेगळा काढायला मार्गच उरत नाही. दोन-तीन केंद्रांतल्या दहा-बारा शाळा तरी घ्या, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी काढा आणि त्यांच्या समोरच चिठ्ठ्या उचला.

हे केलं तरी दोन फटी राहतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सगळे शिक्षक एकत्र येतात. तुमच्या बाई उत्साहाने उपक्रम सांगतात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जातात आणि पुढच्या आठवड्यात नियंत्रित शाळेतही गोष्टींचा तास सुरू! म्हणून तुलनेच्या शाळा शक्यतो वेगळ्या केंद्रातल्या घ्या, नाहीतर तिथे प्रत्यक्षात काय चाललंय ते महिन्यातून एकदा जाऊन पाहा. दुसरी फट म्हणजे प्रायोगिक शाळेला रंगीत पुस्तकं, नव्या पाहुण्या बाई, रोजचा अर्धा तास जादा. सुधारणा गोष्टींमुळे झाली की जादा वेळामुळे, की कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय या भावनेमुळे? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ दरम्यान झालेल्या अभ्यासांवरून या शेवटच्या परिणामाला 'हॉथॉर्न परिणाम' हे नाव मिळालं. त्या अभ्यासांचा अर्थ कसा लावायचा यावर अजून वाद आहेत, पण शंका रास्त आहे. नियंत्रित शाळांनाही रोज अर्धा तास द्या, फक्त त्यात चित्रकला किंवा खेळ घ्या.

'मग त्या मुलांना गोष्टींपासून वंचित ठेवायचं का?' असा प्रश्न पालक सभेत येतो, आणि यायलाच हवा. अभ्यास संपल्यावर पुस्तकांची पेटी तिकडे पाठवायची, हे आधीच ठरवून लेखी द्या.

पायरी पाचवी: आकड्यांचा हिशेब माहिती गोळा करण्याआधी

'नमुना ३० असला की पुरतो' हे वाक्य कुठून आलं कुणास ठाऊक, पण ते सोडून द्या. दोन गटांतला मध्यम आकाराचा फरक, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाच्या) निम्मा, ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल तर ५ टक्के पातळीवर (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याची चूक ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेत) प्रत्येक गटात साधारण ६४ जण लागतात. फरक लहान, म्हणजे विचलनाच्या एक पंचमांश असेल तर चारशेच्या जवळपास. १५-१५ च्या गटांवर 'फरक आढळला नाही' असं आलं, तर त्याचा अर्थ उपक्रम फसला असा होत नाही. तुम्हाला तो दिसणं कठीणच होतं.

शाळा वाटल्या असतील तर हिशेब आणखी बदलतो. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून ३०० मुलं ३०० स्वतंत्र माणसं ठरत नाहीत. वर्गात २५ मुलं आणि वर्गांतर्गत सहसंबंध, म्हणजे या सारखेपणाचं माप, ०.२ असेल तर गुणक येतो १ अधिक (२४ गुणिले ०.२), म्हणजे ५.८. तुमची ३०० मुलं साधारण ५२ मुलांइतकीच माहिती देतात. सरळ टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी) लावली तर निकाल खोटा ठळक दिसतो.

आणि लिंग, जात, पालकांचं शिक्षण, भावंडांची संख्या असे वीस तक्ते काढून ज्यात 'लक्षणीय' आलं तेच छापायचं, हा उद्योग बंद करा. कुठेच काही नसलं तरी, वीस स्वतंत्र चाचण्यांत एखादी तरी ५ टक्के पातळीवर लक्षणीय निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. मुख्य परिकल्पना (तपासायचे दावे) एक किंवा दोन, त्या सिनॉप्सिसमध्ये लिहिलेल्या, बाकी सगळं 'शोधक विश्लेषण' या नावाखाली.

पायरी सहावी: निष्कर्ष कुठपर्यंत न्यायचा

सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की बाह्य वैधता वेगळी शिकवावी लागत नाही. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, पूर्वेला माण-खटावला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात! पाटणच्या डोंगरात निघालेला पीक पद्धतीचा निष्कर्ष माणमधल्या दहिवडीला नेताना दहादा विचार करावा लागतो. प्रबंधाच्या शीर्षकात मात्र 'सातारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात' असं असतं आणि शेतकरी सगळे कराड तालुक्यातले.

प्रश्न असा विचारा: माझा परिणाम ज्या कारणाने घडतोय असं मी म्हणतो, ते कारण तिकडेही आहे का? गोष्टींचा तास घरात पुस्तकं नसल्यामुळे चालला असेल, तर सांगली शहरातल्या पुस्तकं असलेल्या घरांत तो तेवढा चालेलच असं नाही. उलट माणमधल्या वाडीत चालेल. संशोधन केंद्राच्या प्लॉटवरचं उत्पादन शेतकऱ्याच्या रानात तेवढं येत नाही, याचंही कारण बियाणं खोटं असं नसतं. केंद्रावर पाणी वेळेवर मिळतं, शेतात ते विजेच्या वेळापत्रकावर मिळतं.

अंतर्गत आणि बाह्य वैधतेची ओढाताण इथे जाणवते. सगळं नियंत्रणात ठेवायला जावं तर परिस्थिती कृत्रिम होते, सगळं खऱ्यासारखं ठेवावं तर कारणं मिसळतात. एका प्रबंधात दोन्ही साधण्याचा हट्ट धरू नये. माझ्या मते पहिलं प्राधान्य अंतर्गत वैधतेला. जो परिणाम मुळात झालाच की नाही हे नक्की नाही, तो कुठे कुठे लागू पडतो हे विचारण्यात अर्थ नाही.

पायरी सातवी: मर्यादा खऱ्या लिहा

'वेळ व पैसा यांच्या मर्यादेमुळे' हे वाक्य खोडा. ती तुमची अडचण झाली, निष्कर्षाची मर्यादा नव्हे. प्रत्येक धोक्यासाठी तीन गोष्टी लिहा: तो इथे कसा आला असता, तुम्ही काय केलंत, आणि तरी किती उरला. आपल्या उदाहरणातला परिच्छेद असा होईल:

"अभ्यासाच्या काळात ८ मुले कुटुंबासोबत ऊसतोडीला गेली. त्यांची पूर्व चाचणीतील सरासरी ६ होती, राहिलेल्यांची १४. त्यामुळे विश्लेषण दोन्ही चाचण्या दिलेल्या २२ मुलांपुरते मर्यादित ठेवले आहे आणि निष्कर्ष स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना लागू करू नये. गुणदान उपक्रमाशी संबंध नसलेल्या शिक्षकाने चाचणीची तारीख माहीत नसताना केले. तुलनेचा गट नसल्यामुळे वयानुसार होणारी वाढ आणि याच काळात शाळेत सुरू असलेले अन्य वाचन उपक्रम यांचा परिणाम वेगळा करता आलेला नाही. म्हणून आढळलेली वाढ गोष्टींच्या तासामुळेच झाली, असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही."

शेवटचं वाक्य लिहायला विद्यार्थी घाबरतात, बाहेरचे परीक्षक प्रबंध परत पाठवतील म्हणून. अनुभव उलट आहे. ज्याने हे स्वतः लिहिलंय त्याला व्हायवात त्यावर फारसं कुणी छेडत नाही. चर्चा लगेच पुढच्या प्रश्नावर जाते: बारा शाळा मिळाल्या तर आराखडा कसा कराल?